माहेरवाशिणीवरचा आळ

१

पाटी आधी लागली आणि तपास नंतर सुरू झाला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझा आवाज का चढला ते कुणी विचारायला नको.

सकाळी प्रयोगशाळेत जायला निघाले होते. वाटेत रोपवाटिकेच्या फाटकावर ती दिसली. लाल रंग अजून ओला होता आणि अक्षरांखाली ओघळला होता. ‘रोगट रोपे. खरेदी करू नयेत.’ फाटकाच्या मधोमध खुर्ची टाकून, मांडीवर कात्री घेऊन वहिनी बसल्या होत्या.

"हे काय?" मी विचारलं.

"संध्याकाळी जाळायला येणारेत," त्या म्हणाल्या. "येऊ देत. मी इथून उठत नाही. पेटवायचंच असेल तर खुर्चीसकट पेटवा म्हणावं."

"अहो, पण माझ्या सहीशिवाय इथलं वाळकं पानसुद्धा कुणाला जाळता येत नाही!"

"सही तुम्ही आज करणार आहात, असं अध्यक्ष सांगून गेले."

वा! माझी सही होणार हे मी सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

मी स्ट्रॉबेरी बागायतदार संघाची रोगतज्ज्ञ. पानावर डाग पडला, फळाला राखाडी लव आली, रोप मान टाकायला लागलं, की लोक माझ्याकडे येतात. मला बुरशीबाई म्हणतात, आणि तेही तोंडावर. मला काही वाईट वाटत नाही. बुरशी निदान खोटं बोलत नाही.

आणि वहिनी म्हणजे सगळ्या बागायतदारांची आई म्हटलं तरी चालेल, कारण सगळ्यांची रोपं त्यांच्याकडून जातात. स्ट्रॉबेरीचं मोठं रोप जमिनीवरून दोरीसारखी लांब फांदी सोडतं आणि तिच्या टोकाला नवीन रोप धरतं. वहिनी त्या फांदीला नाळ म्हणतात, नव्या रोपाला लेक, आणि मूळ रोपांच्या वाफ्याला आईचा वाफा. लग्न करून आल्या तेव्हा पत्र्याच्या डब्यात माहेरून एक रोप घेऊन आल्या होत्या. त्याच्यापासून हा वाण झाला. फळ लहान, पण वास असा की टोपली झाकली तरी लपत नाही. मधल्या पानाला टोकाशी एक खाच असते, त्यावरून हा वाण कुणीही ओळखतो. नाव अर्थातच माहेरवाशीण. नवरा गेल्यावर या बाईनं त्या वाफ्याच्या जोरावर घर उभं ठेवलं. तो जळाला की पुन्हा लावायला दुसरं आईचं रोप कुठेच नाही.

प्रयोगशाळेत पोचले तर अध्यक्ष माझ्याच खुर्चीत बसलेले. पुढ्यात जाळण्याचा आदेश, शेजारी प्लास्टिकची पिशवी.

"पैलवानाचं अख्खं शेत बसलं, बाई," ते म्हणाले. "रोपं वहिनींचीच. हा त्याच्या शेतातला नमुना. बघा आणि सही करा."

पैलवान म्हणजे आमच्यातला सगळ्यात तगडा आणि सगळ्यात रडका बागायतदार. मी पिशवीतलं रोप घेतलं. मधल्या पानाला खाच होती. म्हणजे माहेरवाशीणच. बुंधा उभा चिरला. आत विटकरी लाल डाग पसरलेले. बुंध्याची लाल कूज. हा रोग बहुतेक वेळा रोपवाटिकेतूनच रोपाबरोबर येतो. दुसरं चिरलं, तेही तसंच.

"झालं समाधान?" अध्यक्षांनी पेन पुढे केलं.

मी पेन घेतलं. मग माझी नजर मुळांकडे गेली आणि मी पेन खाली ठेवलं.

मुळं स्वच्छ होती. कुणीतरी ती नीट, निगुतीनं धुतली होती.

२

"मग धुतली असतील! माती नको म्हणून धुतली!" अध्यक्ष वैतागले.

"नमुना मातीसकट आणायचा, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मी भिंतीवर लिहून ठेवलंय. तुमच्या डोक्याच्या वरच आहे, वळून बघा."

ते वळले नाहीत.

"पिशवी कुणी आणली?"

"पैलवानानं उपटून दिली, भावजींनी आणून इथे ठेवली."

भावजी म्हणजे वहिनींचे धाकटे दीर. वहिनी त्यांना भावजी म्हणतात म्हणून सगळेच म्हणायला लागले. संघात पाहणीचं काम करतात. शेतोशेत हिंडायचं, रोग दिसला की मला कळवायचं.

"आणि वाफा जाळल्यावर पुढच्या हंगामाला रोपं कुठून येणार?" मी विचारलं.

"त्याची सोय झालीय. नवीन वाण येतोय. राणी."

"सोय कुणी केली?"

"संघानं."

"संघानं म्हणजे कुणी? संघाला काय हात आहेत?"

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. उत्तर द्यायचं नसलं की ते चष्मा पुसतात. माझ्या डोक्यात तेव्हाच आलं की इथे कुठेतरी पाणी मुरतंय. वहिनींच्या वाफ्यातली चार रोपं कापून बघू का, म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, "चार चांगली निघाली तर काय सिद्ध होतं? रोग बाकीच्यांत लपलेला असेल." त्यात चूक काहीच नव्हती, म्हणून जास्तच राग आला.

"संध्याकाळपर्यंत सही हवी, बाई. सगळे बागायतदार बोलावलेत. नाही केलीत तर उद्यापासून या प्रयोगशाळेला कुलूप."

"लावा की! कुलूप जरा चांगलं आणा, मागच्या वेळचं गंजलं होतं." मी पिशवी शीतपेटीत ठेवली, पेटीची किल्ली कमरेला खोचली आणि सुरी घेऊन निघाले. "आणि माझ्या खुर्चीतून उठा."

३

पैलवानाचं शेत खरंच बघवत नव्हतं. फळांनी लगडायच्या दिवसांत रोपं जमिनीला टेकली होती. पैलवान बांधावर डोकं धरून बसला होता.

"बुडालो, बाई! वहिनींनी रोगट रोपं माझ्या गळ्यात मारली!"

"आधी बघू तर दे."

मी वाकले, आणि वाकल्याबरोबर काहीतरी खटकलं. बाहेरची पानं वाळून करपली होती, पण मधली कोवळी पानं हिरवीगार होती. लाल कूज असं करत नाही. तिच्यात अख्खं रोप, कोवळं जून न बघता, एकदम मान टाकतं. मी एक रोप मातीसकट उपटलं आणि बुंधा चिरला.

आत लाल डागाचा पत्ता नव्हता. पांढऱ्या गाभ्यात नुसत्या तपकिरी बारीक रेषा होत्या. दुसरं चिरलं, शेताच्या पार दुसऱ्या टोकाचं चिरलं. तेच.

ही मर होती. मर जमिनीतून येते. मुळातून आत शिरते आणि रोपाच्या पाणी वाहायच्या नसा बुजवते. तिचा रोपवाटिकेशी संबंध असेलच असं नाही, पण आधीच्या पिकाशी मात्र असतो.

"इथे आधी काय होतं रे?"

"कांदा," पैलवान पटकन म्हणाला. जरा जास्तच पटकन.

तेवढ्यात त्याची बायको पाण्याचा तांब्या घेऊन आली. मी दोन घोट घेतले आणि सहज म्हटलं, "कांदा छान झाला होता म्हणे इथे?"

"कांदा कुठला!" ती हसली. "वांगी होती. खाऊन खाऊन जीव विटला आमचा."

पैलवानानं तिच्याकडे असं पाहिलं की बिचारीनं तांब्या तिथेच ठेवून काढता पाय घेतला. गरज नव्हती तिच्या साक्षीची. सरीत एक वांग्याचं झाड आपोआप उगवून आलं होतं आणि कुणी उपटलं नव्हतं. फुकट आलेली भाजी कोण उपटतो?

"वांग्यावर स्ट्रॉबेरी लावायची नाही, हा संघाचा नियम आहे ना? का आहे? वांग्याच्या मुळांवर हीच मर पोसते आणि जमिनीत दबा धरून बसते."

"रान मोकळं पडलं होतं, बाई... एक हंगाम काय होतंय म्हटलं." त्याचा आवाज अगदी बारीक झाला. "सांगितलं असतं तर संघाकडून बदली रोपं मिळाली नसती. पण नमुना मी खराच दिला! तुम्ही आत्ता उपटलंत तसाच उपटला, माती झटकलीसुद्धा नाही. पोरांची शपथ!"

"मुळं धुतलीस?"

"मी कशाला धुवू? मी कपडेसुद्धा धूत नाही!"

हे मात्र खरं असावं. म्हणजे पैलवानाची पिशवी शेतातून मातीसकट निघाली आणि माझ्या टेबलावर धुऊन पोचली, वर तिच्यातला रोगही वाटेत बदलला. माझ्या पिशवीतली रोपं या शेतातली नव्हतीच.

मग कुठली?

४

भावजी संघाच्या कचेरीत भेटले. माणूस तसा गोड. मला बघून उठून उभे राहिले, खुर्ची पुसून दिली.

"फार वाईट झालं, बाई. वहिनींनी मला मुलासारखं वाढवलं. पण काय करणार? संघाचं काम म्हणजे संघाचं काम."

"पिशवी तुम्ही आणलीत?"

"हो. पैलवानानं दिली तशी आणून ठेवली. मी उघडलीसुद्धा नाही."

"मुळं धुतलेली आहेत."

"मग त्यानंच धुतली असणार. घाबरट आहे तो, काहीतरी लपवत असेल."

लपवत होता खरा. भावजींना माणसं बरोबर कळतात. बोलताना ते टेबलावरच्या कुंडीतल्या रोपाची पिवळी पानं काढत होते. हाताची सगळी नखं कापलेली, अंगठ्याचं तेवढं वाढलेलं आणि हिरवट काळं. माझी नजर त्यावर गेली, पण टिकली नाही. आमच्याकडे असं नख सगळ्यांचंच असतं. फळ तोडताना देठ नखानंच तोडतात. पैलवानाचं आहे, त्याच्या बायकोचंही आहे. अध्यक्षांचंच तेवढं नाही, कारण त्यांनी फळ तोडून किती वर्षं झाली ते त्यांनाही आठवत नसेल.

"पैलवान म्हणतो मी मातीसकट दिली," मी म्हटलं.

"मग आता आमच्यापैकी कुणाचं खरं धरायचं, ते तुम्ही ठरवा." भावजी हसले. "पण बाई, पानं तर माहेरवाशिणीचीच आहेत ना? मधल्या पानाला खाच आहे ना? मग रोप कुठलं हा प्रश्नच कुठे येतो?"

बाहेर पडले आणि थबकले. पिशवी उघडली नाही म्हणता, आणि आतल्या पानाची खाच ठाऊक? पण हेही पुराव्याला पुरेसं नव्हतं. पैलवानाची रोपं माहेरवाशिणीची होती हे सगळ्यांनाच माहीत होतं. अंदाजानं बोललो, असं ते म्हणाले असते.

प्रयोगशाळेत येऊन मी शीतपेटी उघडली आणि पिशवीतली रोपं भिंगाखाली धरली. जे सकाळीच करायला हवं होतं. रागानं नजर अधू होते, दुसरं काय.

रोपांना एक फूल नव्हतं, एक कळी नव्हती. भर फळांच्या दिवसांत! फुलांचे दांडे होते, पण ते बुडाशी, अगदी बुंध्यातून निघतात तिथेच खुडलेले. प्रत्येक थोटकावर नखाची बारीक चंद्रकोर. आणि चहूबाजूंनी नाळांची थोटकं. शेतातल्या रोपाला इतक्या नाळा कुणी सोडू देत नाही, कारण मग फळ लागत नाही. फुलं खुडायची आणि नाळा सोडायच्या, हे फक्त एका ठिकाणी करतात. फळं नकोत, लेकी हव्यात, अशा ठिकाणी.

माझ्या पिशवीतली रोपं आईच्या वाफ्यातली होती. आणि आमच्याकडे आईचा वाफा एकच होता, वहिनींचा.

५

फाटकात वहिनी अजून तशाच बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. त्यांचा चेहरा लाल झाला.

"म्हणजे तुम्हीसुद्धा?"

"मी काही म्हणत नाही. मी विचारतेय. तुमच्या वाफ्यातून कुणी रोपं उपटली का?"

"माझ्या वाफ्यातून? एक पान हललं तरी मला कळतं! चला आत. बघा एकही खड्डा दिसतो का. आणि तुमची ती सुरी इकडे द्या."

वाफ्यात एकही खड्डा नव्हता. वहिनींनी सगळ्यात जुनं, जाडजूड रोप निवडलं, क्षणभर त्याच्या पानांवर हात ठेवला आणि स्वतःच्या हातानं उपटून उभं चिरलं. आतून खोबऱ्यासारखं पांढरंशुभ्र. दुसऱ्याला हात घालणार तेवढ्यात मी त्यांचं मनगट धरलं.

"पुरे. अध्यक्ष म्हणतील बाकीच्यांत लपलाय. सगळा वाफा चिरणार आहात का?"

"मग काय करू? हात बांधून बसू? बाई, हा वाफा म्हणजे माझं माहेर आहे हो. तिथे आता कुणी उरलेलं नाही. एवढंच आहे."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचा त्यांना इतका राग आला की त्यांनी ते बाहीनं खसाखसा पुसलं. मी मान फिरवून चिरलेल्या रोपाकडे बघत बसले. आणि बरं झालं बघत बसले.

या रोपाचेही फुलांचे दांडे काढलेले होते. पण थोटकं तिरपी, साफ, सुरी फिरवल्यासारखी होती. चंद्रकोर कुठेही नव्हती.

"वहिनी, फुलं कशानं काढता?"

"कात्रीनं. दर रोपाला स्पिरिटमध्ये बुडवून. नख लावलं की एका रोपाचा रोग दुसऱ्याला जातो. प्रत्येक नवीन माणूस येतो तो नखच लावतो, ओरडून ओरडून घसा बसलाय माझा."

मी उठून उभी राहिले. आमच्याकडे आईचा वाफा एकच, हे मी गृहीत धरलं होतं. कुणी तपासलं होतं?

"वहिनी, कुठेतरी दुसरा वाफा आहे. माहेरवाशिणीचाच. तिथे कात्री नाही, नख चालतं, आणि तिथे लाल कूज शिरलीय."

"अध्यक्ष!" त्या कडाडल्या. "तो राणी राणी करत हिंडतोय!"

"असतील. नसतील. दाखवायला ठेवलेल्या फळाफुलांच्या कुंड्या आहेत ना तुमच्या फाटकाशी? संध्याकाळी मला त्या हव्यात."

"कशाला?"

"पाहुण्यांच्या हातात द्यायला," मी म्हटलं.

६

संध्याकाळी उन्हं उतरायच्या आत सगळे जमले. फाटकाशी डिझेलचा डबा आणून ठेवला होता. वहिनी खुर्चीतून हलल्या नाहीत. अध्यक्षांनी आदेश काढला.

"करते सही," मी म्हटलं. "आधी माझं ऐकून घ्या. आणि भाषण लांबेल, तेव्हा प्रत्येकानं एक एक कुंडी धरा. शेवटी रोगाची खूण दाखवायची आहे."

कुंड्या वाटल्या. प्रत्येकीत फुलं होती, एखाददुसरं पिकलं फळ होतं. मग मी बोलायला लागले. राखाडी बुरशीवर बोलले, भुरीवर बोलले, पानावरच्या जांभळ्या ठिपक्यांवर बोलले. इतकं कंटाळवाणं बोलले की मागचे दोघे जांभया द्यायला लागले. मी माझं ऐकतच नव्हते. मी हात बघत होते.

अध्यक्षांनी कुंडी दुसऱ्याचं रडकं मूल धरावं तशी लांब धरली होती. रोपाला हातही लावला नाही. पैलवानानं इकडेतिकडे पाहिलं, पिकलेलं फळ देठाच्या वरच्या टोकाशी नखानं तोडलं आणि गट्ट केलं. त्याच्या बायकोनं दुसरं तोडलं.

आणि भावजी, माझ्याकडे लक्षपूर्वक बघत, मान डोलावत, बोटं पानांत खोल घालून फुलाचा दांडा बुडाशी धरत होते, अंगठ्याचं नख टेकवत होते आणि खुडत होते. एक खुडला. दुसरा खुडला. कळ्याफुलांसकट पायाशी टाकला.

"भावजी," मी म्हटलं, "फुलं का खुडलीत?"

त्यांनी खाली पाहिलं. स्वतःच्याच हाताकडे, जसा तो दुसऱ्या कुणाचा असावा.

"सहज. चाळा."

"सहजच! म्हणून तर विचारतेय. तोडणी करणारा फळाशी नख लावतो, पैलवानानं लावलं तसं. फूल तर कुणीच तोडत नाही, ते तोडलं तर फळ कुठून येणार? फुलांचा दांडा बुडाशी खुडायची सवय फक्त आईचा वाफा सांभाळणाऱ्या हाताला लागते. तुम्ही तर शेतोशेत नुसती पाहणी करत हिंडता. ही सवय कुठे लावून घेतलीत?"

कुणी जांभई देईना.

मी पिशवीतलं रोप वर धरलं, त्याची थोटकं दाखवली, मग भावजींच्या पायाशी पडलेला दांडा आणि कुंडीतलं थोटूक. तीच चंद्रकोर. "पैलवानाच्या शेतात मर आहे, लाल कूज नाही. मर का आली ते तो सांगेल."

"वांगी होती," पैलवान पुटपुटला.

"मोठ्यानं!"

"वांगी होती! चुकलो! वहिनींची रोपं चांगलीच होती!"

"त्यानं मातीसकट नमुना दिला. वाटेत कुणीतरी तो फेकला आणि दुसऱ्या वाफ्यातली कुजलेली रोपं पिशवीत भरली. मुळं धुतली, कारण त्या वाफ्यातली माती पैलवानाच्या मातीसारखी नव्हती. अध्यक्ष, आता चष्मा पुसू नका. राणीची रोपं कोण देणार होतं?"

अध्यक्षांनी भावजींकडे पाहिलं. "परदेशातून मागवतो म्हणाला होता... नाव बाहेर काढू नका म्हणाला."

"आहे माझा वाफा!" भावजी एकदम ओरडले. इतकी वर्षं त्यांचा आवाज चढलेला मी ऐकला नव्हता. "आहे! जन्मभर काय वहिनींचा दीर म्हणूनच मरू? माझं म्हणून काही असू नये?"

"असावं की," वहिनी पहिल्यांदाच बोलल्या. "दाखवा ना. बघू द्या सगळ्यांना."

७

भावजींच्या घरामागे हिरव्या जाळीचा मांडव होता. पावसासारखं वरून पाणी उडवणारे फवारे लावले होते, म्हणजे या रोगाला मेजवानीच. एका कोपऱ्यातली रोपं माना टाकून पडली होती आणि त्यांच्यामध्ये ताजे खड्डे होते. पिशवीतली रोपं तिथूनच निघाली होती.

वहिनींनी वाकून एक पान बोटांवर धरलं. मधल्या पानाला टोकाशी खाच होती.

"ही राणी?" त्या म्हणाल्या. "भावजी, ही तर माझी लेक आहे. कधी उचललीत?"

  स्वतःचा वाफा कुजत चालल्यावर भावजींनी हिशेब सोपा केला होता. वहिनींचा वाफा जळाला की, खाच कुणी ओळखली तरी, सगळ्यांना राणीच घ्यावी लागणार, आणि पुढे राणीत रोग निघाला की खापर फुटणार वहिनींवर, रोग त्यांच्याकडूनच पसरला म्हणून. ती रोपं घराघरात गेली असती तर पुढच्या वर्षी इथे कुणाच्याच शेतात स्ट्रॉबेरी उरली नसती. हे मी सगळ्यांसमोर बोलून दाखवलं, तेव्हा वहिनींचा वाफा जाळायला आलेले लोक एकमेकांकडे बघायला लागले.

मी आदेशातलं रोपवाटिकेचं नाव खोडलं, हा वाफा लिहिला आणि सही केली. अगदी ठसठशीत केली.

"वहिनी," भावजी हळू आवाजात म्हणाले, "त्या कडेची रोपं हिरवी आहेत. एखादं तरी राहू द्या. मूळ तरी राहील."

"मूळ माझ्याकडे आहे," वहिनी म्हणाल्या. "रोप हवं होतं तर मागायचं होतं. मी कधी कुणाला नाही म्हटलंय? तुम्ही चोरलंत, वर माझंच घर जाळायला निघालात. आता डिझेलचा डबा तुम्हीच आणा. माझ्या फाटकाशी ठेवलाय. मी काही वाहून आणणार नाही."

भावजी गेले आणि डबा घेऊन आले. कुणी त्यांना हात लावला नाही.

सगळं विझल्यावर अध्यक्ष वहिनींच्या मागे मागे फाटकापर्यंत आले. चेहरा पडलेला. "झालं गेलं विसरा, वहिनी. ती पाटी मी माणूस पाठवून काढून घेतो."

"माणूस कशाला? तुम्हीच लावलीत ना? तुमच्याच हातानं काढा."

अध्यक्षांनी खिळे उपटले. नखं नव्हती म्हणून फार वेळ लागला, आणि आम्ही सगळे उभे राहून बघत होतो. ते पाटी काखेत मारून निघाले तसा वहिनींनी हात पुढे केला.

"ती इथेच राहू दे."

त्यांनी पाटी उलटी केली. मागची बाजू कोरी होती. उरलेला लाल रंग फाटकाशीच पडला होता, त्यात कुंचला बुडवून त्यांनी ठळक अक्षरात लिहिलं, आणि ज्या खिळ्यांनी ती सकाळी लागली होती, त्याच खिळ्यांनी स्वतः ठोकली. जातायेता सगळ्यांना वाचता येईल अशी.

‘माहेरवाशीण घरीच आहे.’